इस्पितळाच्या दप्तरांतील साक्ष

एखाद्या नगराचें वैभव मोजावयाचें झालें म्हणजे लोक तेथील इस्पितळाकडे बोट दाखवितात. इमारत किती मजल्यांची, खाटा किती, वर्षाकाठीं रोगी किती दाखल होतात, हे आंकडे अभिमानानें सांगितले जातात. इस्पितळ भरलेलें असणें हेंच लोकसेवेचें प्रमाणपत्र समजलें जातें. परंतु भरलेली प्रत्येक खाट सारखीच हकीकत सांगत नाहीं. झाडावरून पडून मांडीचें हाड मोडलेला मनुष्य खाटेवर असेल, तर त्याला तेथें येण्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्याच्या शेजारच्या खाटेवर दम्यानें कासावीस झालेलें मूल असेल, तर गोष्ट निराळी. महिन्यापूर्वीं योग्य औषध व योग्य सल्ला मिळता, तर तें मूल बहुधा त्या दिवशीं शाळेंत बसलें असतें. पहिली खाट इस्पितळाच्या उपयोगाची साक्ष देते. दुसरी, इस्पितळाबाहेर कोठें तरी कांहीं चुकल्याची. या दुसऱ्या प्रकारच्या खाटा मोजून वस्तीवस्तींतील प्राथमिक वैद्यकीय सेवेची परीक्षा करावी, ही कल्पना वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळ उशिरां आली. ती कशी आली आणि तिनें काय साधलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

या कल्पनेचें बीज रणभूमीच्या पिछाडीस सांपडतें. १८५४ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत आल्या. क्रिमियाच्या युद्धांतील सैनिक तेथें आणले जात. परंतु ते मरत होते ते बहुतांशीं जखमांनीं नसून, हगवण, पटकी व ज्वर यांनीं मरत होते. स्वदेशीं परतल्यावर बाईंनीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें त्या मृत्यूंचा हिशेब मांडला व १८५८ सालीं तो एका वर्तुळाकार आकृतीच्या रूपानें प्रसिद्ध केला. तींत जखमांचे मृत्यु तांबड्या रंगानें, इतर कारणांचे काळ्या रंगानें, आणि टाळतां अथवा सौम्य करतां येण्याजोग्या रोगांचे मृत्यु निळ्या रंगानें दाखविले होते. निळा रंग इतरांना झांकून टाकील इतका पसरला होता. हातांत दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून बाई लोकांच्या स्मरणांत राहिल्या. पण राज्यकर्त्यांस अस्वस्थ करणारें त्यांचें खरें हत्यार हा निळा रंग होता. पुढें १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें, सर्व इस्पितळांनीं एकाच नमुन्याचीं पत्रकें ठेवावीं अशी योजना त्यांनीं मांडली. पत्रकें सारखीं नसतील तर तुलना होऊं शकत नाहीं, आणि तुलनेवांचून दोष दिसत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

टाळतां येण्याजोगा हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाहीं. तो उच्चारतांच, टाळणें कोणाच्या हातीं होतें, हा प्रश्न मागोमाग उभा राहतो. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं अर्नेस्ट कॉडमन या शस्त्रवैद्यास याचा पुरता अनुभव आला. प्रत्येक रोग्याचें एक कार्ड ठेवावें, तो घरीं गेल्यानंतर वर्षानें त्याचा पुन्हा शोध घ्यावा, आणि गुण आला नसल्यास कां आला नाहीं तें प्रामाणिकपणें लिहून ठेवावें, असा त्याचा आग्रह होता. १९११ सालीं त्यानें स्वतःचें छोटें इस्पितळ काढलें व १९१६ पर्यंतच्या ३३७ रोग्यांचा वृत्तांत छापून, त्यांत झालेल्या १२३ चुका स्वतःच जाहीर केल्या. सहव्यवसायी मंडळींना हा सत्याचा प्रयोग रुचला नाहीं. १९३३ सालीं न्यूयॉर्क येथील वैद्यक अकादमीनें प्रसूतीच्या कारणानें मृत्यु पावलेल्या स्त्रियांची चौकशी प्रसिद्ध केली. १९३० ते १९३२ या तीन वर्षांतील २०४१ मृत्यु तपासून, त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश टळूं शकले असते असा तिनें निर्णय दिला. जो मृत्यु तोंवर दैवाच्या खातीं जमा होत असे, तो अशा रीतीनें मनुष्यांच्या खातीं ओढला गेला.

मृत्यूची चौकशी झाली, पण रोगी इस्पितळाच्या दारांत येण्यापूर्वीं काय घडतें याची चौकशी अद्याप कोणी केली नव्हती. त्या दाराबाहेरची व्यवस्था मात्र याच काळांत आकार घेत होती. १९२० सालीं ब्रिटनमध्यें लॉर्ड डॉसन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें, सामान्य रोग्याला प्रथम जेथें जातां येईल अशीं प्राथमिक आरोग्य केंद्रें असावीं व त्यांच्या पाठीशीं मोठीं इस्पितळें असावीं, अशी रचना सुचविली. हिंदुस्थानांत सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालच्या आपल्या अहवालांत तोच विचार खेड्यापाड्यांपर्यंत नेला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही उपचारावांचून राहूं नये, हें त्या अहवालाचें मूलतत्त्व होतें. १९५२ पासून आपल्या देशांत प्राथमिक आरोग्य केंद्रें उभीं राहूं लागलीं. केंद्रें तर निघालीं. पण केंद्र चांगलें चाललें आहे किंवा नाहीं, हें कशावरून ओळखावयाचें? इमारत आहे, फलक आहे, हजेरीपत्रकावर डॉक्टरांची सही आहे, एवढ्यानें रोग्याचें काम होतें असें नाहीं.

या प्रश्नाला उपयोगी पडणारी दिशा १९७६ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील डेव्हिड रुटस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविली. जे रोग मुळीं व्हावयासच नकोत, जें पंगुत्व येऊंच नये, आणि जो मृत्यु अकालीं ओढवूं नये, त्यांची एक यादी त्यांनीं सिद्ध केली. वैद्यकाजवळ लस असतांना एकही मूल घटसर्पानें आजारी पडलें, तर तें एकच उदाहरण चौकशीस पुरेसें मानावें, असा त्यांचा विचार होता. अशा घटना म्हणजे वेशीवरचे पहारेकरी. पहारेकऱ्यानें हाक दिली म्हणजे चोर सांपडलाच असें नव्हे; पण घरच्या धन्यानें उठून कवाडें पाहावीं, एवढें निश्चित.

या पहारेकऱ्याच्या हाकेचें रूपांतर खऱ्याखुऱ्या मोजमापांत झालें तें न्यूयॉर्क शहरांत. अमेरिकेंत उपचाराचा खर्च प्रायः विम्यावर चालतो, आणि १९८० नंतरच्या दशकांत लक्षावधि कुटुंबांजवळ विमा नव्हता. अशीं माणसें आजार अंगावर काढीत आणि अगदीं असह्य झालें म्हणजे सार्वजनिक इस्पितळाच्या तातडीच्या विभागांत येऊन पडत. जॉन बिलिंग्ज या कायद्याचें शिक्षण घेतलेल्या अभ्यासकानें या परिस्थितीकडे पाहिलें. त्यानें प्रथम १९९० सालीं वॉशिंग्टन येथील विमा नसलेल्या रोग्यांविषयीं, व पुढें १९९३ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क शहराविषयीं संशोधन प्रसिद्ध केलें. डॉक्टरांचें एक मंडळ बसवून त्यांच्याकडून त्यांनीं रोगांची यादी करविली. वेळेवर व नीट मिळालेल्या बाह्य उपचारानें ज्या आजारांत इस्पितळांत निजण्याची पाळी बहुधा येऊं नये, ते आजार या यादींत आले.

यादींतील आजारांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. डांग्या खोकला व धनुर्वात हे पहिल्या वर्गांतले. लस टोंचली असतां ते मुळांतच होत नाहींत. कानाचा दाह, मूत्रपिंडाचा दाह, साधा फुप्फुसदाह, जुलाबांनीं अंगांतील पाणी आटणें, हे दुसऱ्या वर्गांतले. ते अकस्मात् उद्भवतात, पण दोन दिवसांच्या आंत योग्य औषध मिळाल्यास घरींच बरे होतात. दमा, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, हृदयाचें दौर्बल्य, अपस्मार हे तिसऱ्या वर्गांतले. ते जन्माचे सोबती होतात, पण एकच परिचित डॉक्टर वर्षानुवर्षें लक्ष ठेवील तर ताब्यांत राहतात. या तिन्हीं वर्गांतील भरतीला टळण्याजोगी भरती असें म्हणतां येईल.

बिलिंग्जच्या पद्धतींतील मर्म पुढेंच आहे. न्यूयॉर्क राज्यांत रोगी घरीं जातांना त्याचें निदान, वय, खर्च कोण देणार, आणि त्याच्या घरचा टपाल-विभाग, यांची नोंद सरकारकडे जाते. रोगी कोणत्या इस्पितळांत निजला हें बाजूस ठेवून तो कोठें राहतो हें त्यानें पाहिलें, आणि प्रत्येक विभागांतील टळण्याजोग्या भरतीचें तेथील लोकसंख्येशीं प्रमाण काढलें. त्यामुळें परीक्षा इस्पितळाची न होतां वस्तीची झाली. नकाशावर हे आंकडे मांडतांच हार्लेम, दक्षिण ब्राँक्स व ब्रुकलिनचा मध्यभाग या दरिद्री वस्त्या ठळकपणें उठून दिसल्या. त्या वस्त्यांतील टळण्याजोगी भरती श्रीमंत विभागांच्या कैक पट होती.

गरीब माणसें एकंदरच अधिक आजारी असतात, म्हणून तीं अधिक दाखल होतात; त्यांत नवल तें काय? असा आक्षेप येणार हें संशोधक जाणून होते. त्याच्या निरसनासाठीं त्यांनीं दुसरी एक यादी शेजारीं ठेवली. आंत्रपुच्छाचा दाह, हृदयविकाराचा झटका, आंतड्याचा अडथळा, खुब्याचें हाड मोडणें, हे त्या यादींतले आजार. यांत दवाखाना कितीही चांगला असला तरी इस्पितळ चुकत नाहीं. या आजारांच्या भरतींत गरीब व श्रीमंत वस्त्यांमध्यें फारसा फरक आढळला नाहीं. केवळ दुर्बल प्रकृति हें कारण असतें, तर दोन्हीं याद्यांत सारखी तफावत दिसावयास हवी होती. ती एकाच यादींत दिसली. आणि त्या यादींत फरक पाडणारी वस्तु म्हणजे दाराबाहेरची सेवा होय.

या एका आंकड्यामागें किती लहानसहान अडचणी दडलेल्या असतात! रोजंदारीच्या आईला मुलाला दवाखान्यांत न्यावयाचें तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दवाखाना संध्याकाळीं मिटलेला असतो. पाळी येईपर्यंत दोन प्रहर होतात. प्रत्येक खेपेस नवा डॉक्टर भेटतो व तो पहिल्यापासून सर्व विचारतो. दमा दबून राहावा म्हणून रोज ओढावयाचें औषध महाग पडतें. धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारें औषध तेवढें घरीं असतें. यांतील एकेक अडचण क्षुल्लक दिसते, पण त्या सर्वांचा शेवट मध्यरात्रीं इस्पितळाच्या दारांत होतो. आणि गंमत अशी कीं, त्या एका रात्रीच्या खर्चांत वर्षाचें औषध सहज बसलें असतें.

तरीही एक आक्षेप उरलाच होता. गरीब माणूस आपल्या हलगर्जीपणानें उशिरां येतो, किंवा डॉक्टरच गरीब रोग्याला घाईनें भरती करून घेतो, असें कां नसावें? त्याचें उत्तर १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतून आलें. अँड्र्यू बिंडमन व त्यांचे सहकारी यांनीं शहरी विभागांतील रहिवाशांनाच विचारलें, कीं गरज पडली असतां वैद्यकीय मदत मिळणें तुम्हांस कितपत सोपें जातें? मग दमा, रक्तदाब, हृदयाचें दौर्बल्य, मधुमेह व फुप्फुसांचा जुनाट विकार या पांच आजारांच्या भरतीशीं तीं उत्तरें ताडून पाहिलीं. जेथील लोकांनीं मदत मिळणें अवघड आहे असें सांगितलें, तेथेंच भरती अधिक होती. लोकांची मदत मागण्याची प्रवृत्ति व डॉक्टरांची भरती करण्याची रीत हीं हिशेबांत धरूनही हा संबंध टिकला. दप्तरांतील आंकडा आणि घरांतील अनुभव यांची अशी सांगड बसल्यावर या मापाला प्रतिष्ठा आली. अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेनें २००१ सालीं या धर्तीचे निदर्शक अधिकृतपणें प्रसिद्ध केले, आणि पुढें धनिक राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेनेंही दमा, मधुमेह यांसारख्या आजारांतील टळण्याजोगी भरती देशादेशांच्या तुलनेंत घेतली.

दोष दाखविणें सोपें. दोष दूर करतां येतो हें दाखविणें अधिक मोलाचें. तें काम ब्राझीलनें केलें. १९८८ च्या राज्यघटनेनें त्या देशानें आरोग्य हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरविला, आणि १९९४ पासून कुटुंब-आरोग्याची योजना सुरू केली. एक डॉक्टर, एक परिचारिका व त्याच वस्तींतील आरोग्यसेवक यांच्या पथकाकडे ठराविक कुटुंबें नेमून देण्यांत आलीं. सेवक घरोघर जाऊन रक्तदाबाची व मधुमेहाची विचारपूस करीत. १९९९ ते २००७ या काळांत अशा जुनाट, पण बाहेरच आवरतां येणाऱ्या आजारांची भरती, इतर कारणांच्या भरतीच्या जवळजवळ दुप्पट वेगानें उतरली. २००८ सालीं ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयानें टळण्याजोग्या भरतीची स्वतःची राष्ट्रीय यादीच जाहीर केली.

परंतु कोणतेंही माप हातीं आलें कीं त्याचा सोटा करण्याचा मोह राज्यकर्त्यांस होतो. अमेरिकेंत २०१० च्या कायद्यानें, घरीं गेलेला रोगी ३० दिवसांत पुन्हा दाखल झाला आणि असे प्रकार प्रमाणाबाहेर घडले, तर इस्पितळाचे पैसे कापावे असें ठरलें. २०१२ च्या ऑक्टोबरपासून तो दंड सुरू झाला. हेतु चांगला होता. परंतु ज्या इस्पितळांत दरिद्री रोगी अधिक, त्यांच्यावरच दंडाचा बोजा अधिक पडूं लागला. रोगी घरीं गेल्यावर त्याला औषध मिळालें नाहीं, घरीं सांभाळणारें माणूस नव्हतें, याची शिक्षा त्याला आसरा देणाऱ्या संस्थेस झाली. शेवटीं २०१६ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून, गरीब रोग्यांचें प्रमाण सारखें असलेल्या इस्पितळांचीच आपसांत तुलना करावी असें ठरवावें लागलें. पहारेकऱ्याची हाक ऐकून कवाडें पाहण्याऐवजीं पहारेकऱ्यालाच बडविण्याचा हा प्रकार होता.

मापाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. एका रोग्याची भरती टळण्याजोगी होती किंवा नाहीं, हें या मापानें ठरत नाहीं. वृद्ध व जर्जर रोग्याला उत्तम सेवा मिळूनही कधीं कधीं खाट लागतेच. हें माप शेंकडों रोग्यांच्या समुदायास लावावयाचें असतें. ओलसर घर, धूर, अपुरें अन्न यांचाही त्यांत वांटा असतो, आणि तो डॉक्टरांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. याहून मोठी मर्यादा अशी, कीं जेथें इस्पितळच नाहीं तेथें भरतीही नाहीं. पन्नास मैलांच्या परिघांत खाट नसलेल्या डोंगराळ प्रदेशाचा आंकडा अत्यंत कमी येईल; पण ती शांतता आरोग्याची नसून असहायतेची असेल. म्हणून आपल्या देशांत हें माप जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. सरकारी व खासगी सर्व इस्पितळांतील भरत्यांची, रोग्याच्या वस्तीसह, एकत्र नोंद ठेवण्याची पद्धत येथें अजून रुजलेली नाहीं.

तथापि या मापामागील विचार आपल्या भूमीस परका मुळींच नाहीं. अमेरिकेंत त्याचें गणित बसण्यापूर्वींच येथें त्याचें आचरण झालें होतें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकीचा उद्रेक झाला. बनगांव येथील इस्पितळांत खाटा संपल्या, शिरेंतून देण्याचें द्रव संपत आलें, आणि रोगी जमिनीवर पडून होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज यांचें मिश्रण पाण्यांत कालवून तें रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिलें. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूंचें प्रमाण ३.६ पर्यंत खालीं आलें. जुलाबानें पाणी आटणें हा आजार इस्पितळाच्या खाटेवरून घरच्या चुलीपाशीं आला तो तेव्हांपासून. एखाद्या आजारावरील भरती टळण्याजोगी ठरते ती कांहीं निसर्गनियमानें ठरत नाहीं. कोणी तरी तिचा उपाय दाराबाहेर नेऊन पोंचवितो, तेव्हां ती तशी ठरते.

महाराष्ट्रांतही अशीं उदाहरणें आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें वडाळा येथील मिशन इस्पितळांत काम करतांना पाहिलें, कीं बरे करून पाठविलेले रोगी त्याच त्या टळण्याजोग्या दुखण्यांनीं पुन्हा येतात. १९७० सालीं त्यांनीं जामखेड येथें नवें कार्य आरंभिलें, व अल्पशिक्षित किंवा निरक्षर खेडवळ स्त्रियांना शिकवून गांवोगांव आरोग्यसेविका उभ्या केल्या. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच स्त्रियांकरवीं नवजात बालकांची घरीं शुश्रूषा व जंतुदोषावर उपचार करविले. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें शेंकडा ६२ नीं उतरलें. तेथें मोठें इस्पितळ प्रथम बांधून मग लोकांची वाट पाहिली गेली नाहीं.

२०१८ सालीं केंद्र सरकारनें दोन योजना एकदमच हातीं घेतल्या. एकीनें गरीब कुटुंबास इस्पितळांतील उपचारासाठीं वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण दिलें. दुसरीनें दीड लाख उपकेंद्रें व प्राथमिक केंद्रें सुधारण्याचा संकल्प केला. पहिलीचा उपयोग डोळ्यांना दिसतो, कारण खाट मिळालेला रोगी सत्कारसमारंभांत उभा करतां येतो. दुसरीमुळें ज्याला खाट लागलीच नाहीं, तो मनुष्य कोणास दिसत नाहीं. तो आपल्या कामावर गेलेला असतो. न दिसणाऱ्या यशाला पैसा मिळणें नेहमींच कठीण जातें, आणि म्हणूनच तें मोजण्याची गरज. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें प्रत्येक घरांत सांगितलें जातें. नगराच्या व राज्याच्या कारभारांत त्याचा विसर पडतो. आपल्या इस्पितळांत किती खाटा आहेत, हा प्रश्न नगरपालिकेस विचारणारे नागरिक पुष्कळ आहेत. त्या खाटांपैकीं किती भरल्या नसत्या तरी चाललें असतें, आणि तेथें निजलेलीं माणसें कोणकोणत्या वस्त्यांतून आलीं, हा दुसरा प्रश्नही विचारला जाऊं लागेल, तेव्हां त्या दप्तरांतील साक्षीला श्रोता मिळेल.